सिसेरो 'वाणिज्यदूत' होता? रोमन शब्दांसाठी मदत हवी

घाटरस्ता

नमस्कार मंडळी.

पोटापाण्यासाठी मी भाषांतरं करते. एरवी औषधांच्या डबीतली पत्रकं, विम्याची कलमं, मिक्सरच्या माहितीपुस्तिका. या खेपेला एका माहितीपटाची संहिता आली आहे. विषय प्राचीन रोम, लांबी ५२ मिनिटं, सोमवारी सकाळी द्यायची आहे. हो म्हणताना वाटलं होतं तलवारी, रथ, सिंह असं काहीबाही असेल. निघालं भलतंच. पानापानावर पदांची नावं आणि कोण कुणाला आडवा गेला याच्या हकिगती.

पहिला घोटाळा 'कॉन्सल'चा. शब्दकोशात वाणिज्यदूत दिलंय. मी बिनधास्त लिहिलं, 'इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरो रोमचा वाणिज्यदूत होता.' रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणे, "म्हणजे व्हिसाचे शिक्के मारायचा का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि बाकीचे शब्दही संशयानं तपासायला घेतले. 'डिक्टेटर'ला हुकूमशहा केलं होतं, पण पुढच्याच वाक्यात तो सोळाव्या दिवशी पद सोडून शेतावर परत जातो. असा हुकूमशहा माझ्या तरी ऐकिवात नाही. 'सेन्सॉर' म्हटलं की मला सिनेमाला कात्री लावणारं मंडळ आठवतं, इथे तो लोकांच्या गाई-गुलाम मोजतोय. 'ट्रिब्यून' म्हणजे वर्तमानपत्र. आणि 'क्लायंट' म्हणे रोज पहाटे आश्रयदात्याच्या दारात उभे असायचे. माझ्या बाबतीत उलटं आहे, बिलासाठी दारात मी उभी असते.

अडचण अशी की हे सगळं ऐकायचं आहे. तळटीप नाही, कंस नाही. निवेदकाला एका दमात म्हणता आलं पाहिजे आणि पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्या बाईला कळलं पाहिजे. लॅटिन शब्द तसेच ठेवू की मराठी घालू? जाणकारांनी सांगावं. यंत्राचं भाषांतर सुचवू नये, ते पाहून झालंय.

बांधावरचा

ताई, आधी कबुली देतो. मी इतिहासाचा माणूस नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, ३१ वर्षं शेतं मोजली. उभ्या पिकात मोजणी होत नाही, त्यामुळे पावसाळ्यात कचेरीत बसून नकाशे करायचे आणि उरल्या वेळात वाचायचं. रोम तेव्हा हाती लागला.

त्यामुळे माझी पद्धतही मोजणीदाराची. कुठलंही रोमन पद समोर आलं की शब्दकोश मिटायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या. हा किती दिवसांसाठी आहे? याच्या जोडीला कोण आहे? आणि याला अडवणार कोण? रोमन परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये त्यांनी शेवटचा राजा हाकलला. पुढची पदं घडली ती पुन्हा कुणी राजा होऊन बसू नये याच धास्तीतून. 'याला राजा व्हायचंय' हा रोममध्ये सगळ्यात जिव्हारी लागणारा आरोप होता.

कॉन्सल दोन असतात, वर्षभरासाठी निवडून आलेले, दोघांचा अधिकार सारखा. एकानं काढलेला हुकूम दुसरा थांबवू शकतो. सातबाऱ्यावर दोघा भावांचं सामाईक खातं असतं ना, एकाची सही नसली की काही हलत नाही, तसं समजा. सैन्याची कमान आणि शिक्षेचा अधिकार मिळून जे होतं त्याला ते 'इम्पेरिअम' म्हणत. ते डोळ्यांना दिसायचं सुद्धा: प्रत्येक कॉन्सलपुढे बारा चोपदार, त्यांना लिक्टर म्हणायचे, खांद्यावर काठ्यांची मोळी आणि मोळीत कुऱ्हाड. शहराच्या हद्दीत शिरताना कुऱ्हाड काढून ठेवायची, कारण हद्दीच्या आत नागरिकाला फटके किंवा मृत्युदंडाविरुद्ध लोकांकडे दाद मागता येई. या मोळीचं नाव 'फास्केस'. विसाव्या शतकात इटलीत तिच्यावरून 'फॅसिझम' हे नाव निघालं ते तुम्हाला माहीत आहे.

वर्षांनाही कॉन्सलांचीच नावं असत. इ.स.पू. ५९ चे कॉन्सल सीझर आणि बिब्युलस. सीझरच्या जमीनवाटपाच्या कायद्याला बिब्युलस विरोध करायला गेला तर जमावानं त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली ओतली आणि त्याच्या चोपदारांच्या मोळ्या मोडल्या. तो जो घरी गेला तो वर्षभर 'मी आकाशातले शकुन पाहतोय' असं कळवत राहिला. कारण शकुन वाईट असेल तर सभेचं काम कायद्यानं थांबायला हवं. सीझर थांबला नाही. लोकांनी त्या वर्षाला नाव दिलं, ज्युलियस आणि सीझर यांच्या कॉन्सलकीचं वर्ष.

तेव्हा कॉन्सल हा शब्द तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'वर्षभरासाठी निवडलेले दोन सर्वोच्च अधिकारी, म्हणजे कॉन्सल' म्हणा, पुढे नुसतं कॉन्सल. व्हिसावाला अर्थ फार नंतर, मध्ययुगातल्या व्यापारी शहरांमुळे चिकटला.

ट्रिब्यूनवर मात्र मी थोडा जास्त बोलणार आहे, माफ करा. इ.स.पू. ४९४. कर्जानं पिचलेले गरीब लोक, त्यांना 'प्लीब्ज' म्हणत, लढाईवर जाऊन आलेले. सावकारी कायदा असा की कर्ज फिटलं नाही तर माणूस सावकाराच्या ताब्यात. त्यांनी काय केलं, तर शहर सोडून तीन मैलांवरच्या टेकडीवर जाऊन बसले. दगडफेक नाही, लूट नाही. नुसते बसले. मागे उरलेल्या खानदानी लोकांना कळेना की आता लढायला कोण जाणार. तडजोड झाली ती अशी की प्लीब्जांना त्यांचे स्वतःचे कैवारी मिळाले, तेच ट्रिब्यून. पुढे त्यांची संख्या दहा झाली.

या माणसाकडे सैन्य नाही, चोपदार नाहीत, मोळी नाही. त्याच्या अंगाला जो हात लावेल त्याला कुणीही ठार मारावं अशी प्लीब्जांनी मिळून घेतलेली शपथ, एवढंच त्याचं चिलखत. त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असलं पाहिजे. एक रात्रसुद्धा शहराबाहेर काढता येत नाही, कोण कधी धावत येईल सांगता येत नाही म्हणून. आणि हातात हत्यार एका शब्दाचं, 'वेटो'. शब्दशः अर्थ 'मी मनाई करतो'.

तुम्ही 'नकाराधिकार' लिहिलं असणार. चूक नाही, पण फार कागदी आहे. आमच्या मोजणीत शेजारचा शेतकरी येऊन म्हणायचा, "माझी हरकत आहे." आम्ही त्याचा जबाब लिहून घ्यायचो, अंगठा घ्यायचो आणि साखळी पुढे ओढायचो. ट्रिब्यूनची ही तसली हरकत नाही. तो मधे उभा राहून 'मनाई' म्हणाला की साखळी गुंडाळायची आणि घरी जायचं, समोर कॉन्सल असला तरी. म्हणून निवेदनात 'मनाई' हाच शब्द घाला, कानाला चटकन कळतो.

आता या मनाईचं पुढे काय झालं ते. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राकस ट्रिब्यून झाला. सरकारी जमीन बड्या लोकांनी वर्षानुवर्षं बळकावलेली. त्यानं कायदा मांडला की एका माणसाकडे ५०० युगेरा ठेवून उरलेली काढून भूमिहीनांना वाटायची. एक युगेरम म्हणजे बैलजोडीनं दिवसभरात नांगरून होईल एवढं रान, साधारण पाव हेक्टर. म्हणजे मर्यादा आपल्या हिशेबानं ३१० एकरांच्या आसपास! तरीही बड्यांना ती जाचली. ऑक्टेव्हियस नावाचा दुसरा ट्रिब्यून उभा राहिला आणि म्हणाला, मनाई. गरिबांच्या रक्षणासाठी दिलेलं हत्यार गरिबांच्याच कायद्यावर चाललं. ग्राकसनं विनवण्या केल्या, शेवटी लोकांचं मत घेऊन ऑक्टेव्हियसला पदावरून काढलं. असं आधी कधी झालं नव्हतं. त्याच वर्षी सिनेटच्या काही सभासदांनी बाकांचे पाय मोडून घेतले आणि त्यांनी ग्राकसला ठेचून मारलं. प्रेत रात्री टायबर नदीत टाकलं. शपथेचं चिलखत तिथेच संपलं.

पण जमीनवाटपाचं मंडळ चालू राहिलं. त्यांनी मोजून रोवलेले हद्दीचे दगड दक्षिण इटलीत सापडले आहेत, त्यांवर मंडळाच्या तिघांची नावं कोरलेली. त्या दगडांचं चित्र एका पुस्तकात पाहिलं आणि मी रोमच्या नादाला लागलो. मी रोवलेले कैक दगड दुसऱ्या पावसाळ्याच्या आत उपटलेले पाहिलेत हो. तिथे २१०० वर्षं झाली तरी काही टिकून आहेत.

हात दुखले. डिक्टेटर, सेन्सॉर थोडक्यात. जुना डिक्टेटर हा संकटापुरता नेमलेला एकहाती सेनापती, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. तुमचा शेतावर जाणारा म्हणजे सिनसिनॅटस, इ.स.पू. ४५८. त्याला 'सर्वाधिकारी' म्हणा. सुला नावाच्या सेनापतीनं इ.स.पू. ८२ मध्ये मुदत उडवली आणि सीझर इ.स.पू. ४४ मध्ये तहहयात डिक्टेटर झाला, तिथून पुढे हवं तर 'हुकूमशहा' वापरा. एकाच शब्दाला दोन मराठी शब्द लागले तर लागू देत.

सेन्सॉर म्हणजे खानेसुमारीचा अधिकारी, दर पाच वर्षांनी दोघे निवडायचे. नाव, बाप, वय, मालमत्ता शपथेवर लिहून घ्यायची आणि त्यावरून कोण कुठल्या वर्गात ते ठरवायचं. सिनेटच्या यादीतून नाव खोडायचा अधिकारही त्यांचाच. केटो इ.स.पू. १८४ मध्ये सेन्सॉर होता, त्यानं एका सभासदाचं नाव खोडलं. कारण? त्यानं भरदिवसा, पोरीच्या देखत बायकोचा मुका घेतला. आता कात्रीवाल्या मंडळाला हे नाव का पडलं ते कळेल.

भटकभवानी

वाचनखूण साठवली. बांधावरचे काका, दगडांचं वाचून अंगावर काटा आला.

छोटीशी भर. रोमला गेले होते तेव्हा गटाराच्या झाकणांवर, रस्त्यातल्या पाण्याच्या नळांवर सगळीकडे चार अक्षरं दिसायची, एस पी क्यू आर. मला वाटलं पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराचं नाव. 'सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस', म्हणजे 'सिनेट आणि रोमचे लोक'. आजची नगरपालिका तीच मोहर वापरते.

तर प्रश्न असा की सिनेटला संसद म्हणायचं का? आणि 'सिनेट' आणि 'लोक' वेगळे का लिहिलेत? सिनेट लोकांचीच ना?

कायद्याचा कीस

नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. मी विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला आहे, रोमन कायदा आवडीनं वाचते. सिनेट लोकांनी निवडून दिलेली सभा नव्हती. एखादं मोठं पद भूषवलेली माणसं सिनेटमध्ये जाऊन बसत आणि सहसा मरेपर्यंत बसत. नावच 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा यावरून. कागदावर तिला कायदा करायचा अधिकारच नव्हता, ती फक्त सल्ला द्यायची. पण खजिना, परराष्ट्र व्यवहार, कुठला प्रांत कुणाला, हे सगळं त्या सल्ल्यावर चाले. कायदे आणि निवडणुका लोकांच्या सभांमध्ये. म्हणून मोहोरेवर दोन्ही. 'संसद' नकोच. 'सिनेट' ठेवा, विद्यापीठाच्या सिनेट निवडणुकीमुळे शब्द कानावरून गेलेला आहे. फार तर एकदा 'ज्येष्ठांची सभा, सिनेट' म्हणा.

लोकांच्या सभांबद्दलही फार भाबडं होऊ नका. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत डोकी मोजत नसत, गट मोजत. एकूण १९३ गट, प्रत्येकाला एक मत. जुन्या मांडणीत घोडदळाचे १८ आणि पहिल्या श्रीमंत वर्गाचे ८०, मिळून ९८, म्हणजे झालं बहुमत! श्रीमंतांचं आधी मतदान आणि बहुमत झालं की मोजणी बंद. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही ते सगळेच्या सगळे एका गटात, आणि त्यांची पाळी बहुतेकदा यायचीच नाही. त्यांना 'प्रोलेतारी' म्हणत, राज्याला देण्यासारखी फक्त पोरंबाळं असलेले. आपण ज्याला सर्वहारा म्हणतो तो शब्द तिथून निघाला.

आता काकांशी थोडं भांडण. तुम्ही प्लीब्ज म्हणजे गरीब असं लिहिलंत. ४९४ च्या गोष्टीत ते खपून जाईल, पण ताईंच्या संहितेत सिसेरो आहे, आणि त्याच्या काळात हे साफ चुकेल. पॅट्रिशियन म्हणजे जुन्या खानदानी घराण्यांतले, प्लीबियन म्हणजे बाकीचे नागरिक. हा जन्माचा भेद, पैशाचा नाही. सुरुवातीला त्यांच्यात लग्नं सुद्धा होऊ शकत नव्हती, ती बंदी इ.स.पू. ४४५ मध्ये उठली. ३६७ मध्ये कॉन्सलपद प्लीबियनांना खुलं झालं. मग तीनशे वर्षांत श्रीमंत प्लीबियन घराणी इतकी वर आली की अतिश्रीमंत क्रासस प्लीबियन, सेनापती पाँपी प्लीबियन, सिसेरोही प्लीबियनच. उलट क्लोडियस नावाच्या राजकारण्याला ट्रिब्यून व्हायची हौस, पण तो पडला पॅट्रिशियन. त्यानं काय करावं? इ.स.पू. ५९ मध्ये स्वतःला एका प्लीबियनाकडे दत्तक देऊन घेतलं. दत्तक बाप मुलापेक्षा लहान होता!

तेव्हा ताई, 'उच्चवर्णीय' आणि 'गरीब जनता' असं काही लिहू नका. आणि संहितेत 'ऑप्टिमाटेस' आणि 'पोपुलारेस' आले असतील तर त्यांना 'पक्ष' म्हणू नका. ना सभासदत्व, ना जाहीरनामा. एकानं सिनेटच्या वजनावर राजकारण करायचं, दुसऱ्यानं लोकसभेच्या... आपलं, लोकांच्या सभेच्या जोरावर. बघा, मराठी शब्द असे पाय अडकवतात.

क्लायंटसाठी माझं मत 'पदरची माणसं'. ग्राहक नको, अशील तर नकोच. स्वतंत्र नागरिकच, पण एखाद्या बड्या घराचे बांधील. सकाळी टोगा, म्हणजे नागरिकाचं अंगभर वस्त्र, गुंडाळून मुजऱ्याला जायचं, तो निवडणुकीला उभा राहिला की मागे फिरायचं. बदल्यात खटला लागला की तो तुमच्या बाजूनं उभा राहणार, अडीनडीला शिधा किंवा पैसे देणार. वकिलाला यासाठी फी घ्यायला इ.स.पू. २०४ च्या एका कायद्यानं बंदी होती. आमच्या वर्गात हे वाचून शोककळा पसरली.

बांधावरचा

कीसताई, मान्य. प्लीब्जचं मी सरसकट लिहिलं. तुमचा दत्तकवाला तर आमच्या फेरफार नोंदीतही बसला नसता.

मांडवीकाठ

पणजीहून. एक शब्द राहिला, 'प्लेबिसाइट'. प्लीब्जांच्या सभेनं केलेला ठराव तो 'प्लेबिस्कितुम'. आधी तो फक्त प्लीब्जांना लागू होता, इ.स.पू. २८७ च्या कायद्यानं सगळ्या रोमला लागू झाला. आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात जायचं की नाही यावर जनमत कौल झाला, तेव्हाच्या गप्पांत आजोबा हा शब्द वापरायचे. ते विलीनीकरणाच्या बाजूचे, म्हणून शब्द नेहमी दातओठ खाऊन यायचा. ताई, तुमच्या निवेदनात आला तर 'प्लीब्जांचा ठराव' म्हणा. 'सार्वमत' म्हटलं तर लोकांना वाटेल घरोघर मतपत्रिका गेल्या.

घाटरस्ता

मंडळी, कुठल्या शब्दांत आभार मानू! आज पहिली ३४ मिनिटं नव्यानं लिहून काढली. 'मनाई' तर इतका चपखल बसला की निवेदकानं फोनवर दोनदा म्हणून पाहिला.

आता एक गंभीर गोष्ट. तुमचं वाचून पुढचं पुन्हा तपासलं आणि माझीच मला लाज वाटली. एका प्रसंगात पेडानियस सेकुंडस नावाच्या बड्या अधिकाऱ्याचा खून होतो, इ.स. ६१, सम्राट नीरोच्या काळात. मूळ संहितेत आहे की त्याच्या 'फॅमिलिया'तल्या चारशे जणांना मृत्युदंड झाला. मी लिहिलं होतं, 'त्याच्या कुटुंबातल्या चारशे जणांना'. टंकताना वाटलंही होतं, केवढं एकत्र कुटुंब! आणि पुढे गेले. हे कुटुंब नाहीये ना?

दुसरं, बायकांच्या नावांचं काय गौडबंगाल आहे? सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया, मुलगी ज्युलिया. मी टंकलेखनाची चूक समजून एकीचं नाव उडवलं होतं.

बांधावरचा

नाही, ते कुटुंब नाही. ते त्याचे गुलाम.

'फॅमिलिया' हा शब्दच 'फामुलुस' म्हणजे घरचा गुलाम यावरून आलेला. घरातल्या सर्वांत मोठ्या पुरुषाच्या, 'पातेरफामिलियास'च्या सत्तेखाली जे जे येतं ते सगळं फॅमिलिया, मुलं, नातवंडं, गुलाम. मुलगा पन्नाशीचा होऊन कॉन्सल झाला तरी बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या नावावर कायद्यानं काही नसे. खातेफोड नाहीच. बापाच्या सत्तेतून मुलाला सोडवायची जुनी रीत अशी की बापानं त्याला तीनदा विकल्यासारखं करायचं, तिसऱ्यांदा तो मोकळा. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात मुलाचा जन्मानं वाटा असतो, तेव्हा 'एकत्र कुटुंब' हा शब्द तर अजिबात जवळ आणू नका.

आता तो प्रसंग. पेडानियस हा रोम शहराचा प्रमुख अधिकारी. त्याच्याच एका गुलामानं त्याला मारलं. जुना कायदा असा की मालकाचा खून घरात गुलामाच्या हातून झाला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे, कुणी केलं याचा संबंध नाही. घरात चारशे होते. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की त्यांतल्या बहुतेकांचा काही संबंध नव्हता, बायका होत्या, लहान-थोर होते. शहरातले लोक खवळले, सिनेटला घेराव पडला. सिनेटमध्ये गायस कॅसियस नावाचा मोठा कायदेपंडित उठला आणि म्हणाला, भीती घातल्याशिवाय हा जमाव आवरणार नाही. शिक्षा कायम झाली. लोक दगड आणि मशाली घेऊन उभे राहिले, तेव्हा नीरोनं वधस्थानापर्यंतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सैनिक लावले.

यात तुम्हाला 'सिनेट', 'फॅमिलिया', 'कायदा', 'लोक' हे चारही शब्द एका जागी मिळतात. आणि ट्रिब्यून? पद तेव्हाही होतं, माणसंही होती. पण आधीच, इ.स.पू. २३ मध्ये, पहिल्या सम्राटानं, ऑगस्टसनं, ट्रिब्यूनचा अधिकार स्वतःकडे कायमचा घेतला होता. पद नाही घेतलं, नुसता अधिकार. राजा म्हणवून घेतलं नाही, डिक्टेटर व्हायला नकार दिला, स्वतःला म्हणवलं 'प्रिन्केप्स', म्हणजे पहिला नागरिक. त्याच्यापुढचे सम्राटही आपल्या कारकिर्दीची वर्षं ट्रिब्यूनच्या अधिकारानं मोजत आणि नाण्यांवर तसं छापत. टेकडीवर जाऊन बसलेल्या लोकांनी मिळवलेली मनाई शेवटी राजवाड्यात गेली. 'प्रिन्केप्स'ला 'सम्राट' म्हणताना निदान एकदा तरी 'पहिला नागरिक' असं निवेदकाच्या तोंडी घाला, नाहीतर गंमत हरवेल.

ज्युलियांचं बरोबर आहे, उडवू नका. मुलीला बापाच्या कुळाचं नाव. ज्युलियस कुळातली म्हणून ज्युलिया, तुल्लियस कुळातल्या सिसेरोची मुलगी तुल्लिया. दोन मुली असल्या तर थोरली, धाकटी. लग्नानंतर मात्र ते नाव बदलत नसे. आमच्या हिनं हे वाचून "तेवढं तरी बरं" असा शेरा मारला.

मुक्त केलेल्या गुलामालाही मालकाचंच नाव. सिसेरोचा लेखनिक टिरो मुक्त झाल्यावर मार्कस तुल्लियस टिरो झाला, म्हणजे कागदोपत्री सिसेरोच्या घराण्यातला. रोमन नागरिकानं रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक व्हायचा, हे त्या काळच्या मानानं फार मोठं होतं. त्याला मोठी पदं मिळायची नाहीत, मोकळ्या जन्मलेल्या मुलाला मिळू शकत. मुक्ततेवर गुलामाच्या किमतीच्या ५ टक्के कर होता. महसूल खातं कुठेही सुटत नाही.

घाटरस्ता

रविवार, रात्रीचे साडेअकरा. वाक्य असं केलंय: 'त्याच्या छपराखाली राहणाऱ्या चारशे गुलामांना मृत्युदंड झाला. खून त्यांतल्या एकानं केला होता.' निवेदकानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "ताई, इथे मी थोडा थांबू का?" म्हटलं, थांबा.

एक शब्द अजून अडलाय, 'एक्विटेस'. शब्दकोशातलं 'घोडेस्वार' काढून टाकलंय, कारण हे लोक घोड्यावर कुठे बसताना दिसतच नाहीत, सारखे कराच्या लिलावात असतात. 'शेठ' लिहावंसं वाटतंय. चालेल का?

बांधावरचा

शेठ नको, लोक दुकानदार समजतील. एके काळी ते खरंच घोडदळ होतं. मग सिनेटवाल्यांना इ.स.पू. २१८ च्या कायद्यानं मोठी मालवाहू जहाजं बाळगायला बंदी झाली, सरकारी मक्तेही त्यांना घेता येत नसत, तो सगळा पैसा या दुसऱ्या थराकडे आला. पुढे पात्रता ठरली ४ लाख सेस्टर्सेसची (हे रोमन नाणं) मालमत्ता, घोडा नावापुरता. प्रांतांचा कर गोळा करायचा मक्ता रोममध्ये लिलावात घ्यायचा, रक्कम सरकारला कबूल करायची आणि वर सुटेल ते आपलं. 'मक्तेदार सरदार' करून बघा. 'सरदार'मध्ये घोडा आपोआप येतो.

घाटरस्ता

बसलं. फाइल पाठवली. आता झोपते, सकाळी मिक्सरची माहितीपुस्तिका आहे.